ऑलिंपसची ज्येष्ठता यादी

ग्रीक देवांची ज्येष्ठता यादी चुकलेली आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. तसाच बाहेर आलो आणि बायकोला म्हणालो, "अगं, हेस्टियावर धडधडीत अन्याय झालाय!"

"कोण हेस्टिया? तुमच्या ऑफिसातली?"

आता हिचीही चूक नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आहे. पाणीपुरवठ्यात आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं मी पाणी सोडतो. मी आयुष्यात घरचा सोडून एकही नळ उघडलेला नाही. मी ज्येष्ठता याद्या करतो. कोण आधी लागला, कोण नंतर, कुणाच्या सेवेत खंड पडला, कुणाला डावलून कोण वर चढला, हे सगळं बावीस वर्षं माझ्या हाताखालून गेलंय. मी केलेल्या यादीवर आजवर एकच हरकत आली, आणि ती घेणाऱ्याने स्वतःची जन्मतारीख चुकवलेली होती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माहिती म्हणून सांगतो.

तर ग्रंथालयातून मी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात असं की, क्रोनस नावाचा एक बाप. त्याला सहा मुलं. थोरली हेस्टिया, धाकटा झ्यूस. आपलं मूल आपल्याला खुर्चीवरून खेचणार, या धास्तीने हा गृहस्थ प्रत्येक मूल जन्मलं की गिळायचा. पाच गिळली. सहाव्या वेळी आईने झ्यूसला लपवलं आणि नवऱ्याच्या हातात कपड्यात गुंडाळलेला दगड दिला. त्याने तोही गिळला. (बाळांकडे किती लक्ष असतं ते यावरून कळतं.) पुढे झ्यूस मोठा झाला, त्याने बापाला ओकायला लावलं आणि भावंडं उलट्या क्रमाने बाहेर आली. आधी दगड, मग बाकीचे आणि सगळ्यांत शेवटी थोरली हेस्टिया. आणि राजा कोण झाला? सहावा!

"प्रश्न असा आहे," मी बायकोला म्हणालो, "की वडिलांच्या पोटात काढलेला काळ सेवेत धरायचा की खंड मानायचा? माझ्या मते तो सक्तीचा प्रतीक्षा कालावधी आहे. तो धरलाच पाहिजे."

"साबण वाळतोय," ती म्हणाली.

बायकोचं बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याचं छोटं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून 'हे स्पष्ट दिसतंय की आधीचं?' असं विचारायची सवय. त्यामुळे घरीसुद्धा ती फार कमी बोलते आणि समोरच्याला मात्र बोलतं ठेवते. मी बोलत राहिलो. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं, की हे नुसतं ज्येष्ठतेपुरतं नाही. अख्खं मंत्रिमंडळ आहे! समुद्र एकाकडे, पिकं एकीकडे, युद्ध एकाकडे, टपाल हर्मिसकडे, बांधकाम हेफेस्टसकडे. आणि सगळ्यांत एकटा हेफेस्टसच काय ते काम करतोय.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा हे सगळं ग्रंथालयाच्या चिटणिसांना सांगितलं. चिटणीस म्हणजे कायम घाईत असलेला माणूस. त्यांची वार्षिक व्याख्यानं दोन महिन्यांवर आली होती आणि एका प्राध्यापकांनी अचानक अंग काढून घेतलं होतं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बुडणारा माणूस ओंडक्याकडे बघतो तसं.

"तुम्ही बोलाल?"

"मी?" मी म्हणालो. नको म्हणण्याचा तो सूर नव्हता, हे मला मान्य आहे.

"विषय काय लिहू?"

"ग्रीक देव व लोकशाही शासन : एक तुलना."

यातला 'तुलना' हा शब्द मी निव्वळ उत्साहात घातला. पुढचं सगळं त्या शब्दाने केलं.

सगळ्यांत आधी ही बातमी आमच्या इमारतीत पसरली. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, कोर्टात कारकून होते. आम्ही सगळे त्यांना मिलॉर्ड म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. ते जिन्यातच मला अडवून म्हणाले, "प्रत्येक देवाच्या आधी 'कथित' लावा. कथित झ्यूस. कथित हेरा. म्हणजे उद्या कुणी अब्रूनुकसानीचा दावा केला तर तुम्ही सुटलात."

"दावा कोण करणार? देव?"

"वारस," मिलॉर्ड गंभीरपणे म्हणाले. "झ्यूसला मुलं किती आहेत ते बघा एकदा."

बघितली. मिलॉर्डांच्या म्हणण्यात तथ्य होतं.

समोरच्या दारातले विमावाले पहिले दोन दिवस फारच उत्सुक होते. एवढं मोठं कुटुंब, सगळे कर्ते. मग मी त्यांना सांगितलं की हे देव अमर असतात. त्यांनी त्या दिवसापासून मला विषयाबद्दल एक शब्द विचारलेला नाही.

व्याख्यानाला तक्ता हवा, हे माझं मत. सहा फूट बाय चार फूट. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला गाठलं. दुकानांच्या पाट्या करून करून त्याचा हात बसलेला होता, पण वंशावळ त्याने कधी केली नव्हती. झ्यूसपासून निघणाऱ्या रेषा काढताना तो मध्येच थांबला.

"साहेब, या सगळ्या एकाच माणसाकडून?"

"एकाच देवाकडून."

"आणि घरी माहीत होतं?"

"माहीत होतं. म्हणून तर भांडणं."

त्याने मान हलवली आणि झ्यूसच्या बायकोचं, हेराचं, नाव इतरांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात काढलं.

तक्ता तयार झाला त्याच दिवशी ऑफिसात मला कुणीतरी आठवण करून दिली, की सरकारी नोकराला शासनाविषयी जाहीर बोलायचं तर परवानगी लागते. मी तर नियम कोळून प्यालेला माणूस. लगेच अर्ज केला. तो माझ्याच शाखेतून निघाला, आवक-जावक नोंदवहीत चढला, तीन टेबलं फिरला आणि अकराव्या दिवशी माझ्याकडे परत आला. सोबत प्रश्नावली होती.

एक : सदर देव सध्या पदावर आहेत किंवा कसे?

दोन : अर्जदाराचा सदर देवांपैकी कोणाशी नातेसंबंध आहे काय? असल्यास तपशील द्यावा.

तीन : श्री. झ्यूस यांच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला जोडावा.

हसू नका. मीही अशा प्रश्नावल्या शेकडो जणांना पाठवलेल्या आहेत. पण दुसऱ्या बाजूला बसून ती वाचताना कसं वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी प्रामाणिकपणे उत्तरं लिहिली. पदावर नाहीत. नातं नाही. आणि श्री. झ्यूस यांच्याविरुद्ध चौकशी करू शकेल असा सक्षम प्राधिकारीच त्यांच्या व्यवस्थेत अस्तित्वात नव्हता, सबब दाखला देता येत नाही.

या तिसऱ्या उत्तराने विधी शाखा सावध झाली. त्यांनी तक्ता 'परिशिष्ट अ' म्हणून सादर करायला सांगितला.

सहा फूट बाय चार फुटांचं परिशिष्ट तिसऱ्या मजल्यावर नेणं सोपं नसतं. लिफ्टमध्ये ते आडवंही जाईना, उभंही जाईना. मी आणि पेंटरने ते जिन्याने चढवलं. वाटेत प्रत्येक मजल्यावर ओळखीचे लोक बाहेर येऊन विचारत होते, "काय, बदली झाली का?" वर पोचलो तर आवक-जावकच्या बाई जागेवर होत्या. या बाई म्हणजे आमच्या कार्यालयातला सर्वांत निःपक्षपाती माणूस. समोर येईल त्यावर त्या शिक्का मारतात. माझं "अहो बाई, जरा थांबा..." पुरं व्हायच्या आत त्यांनी गोल जांभळा शिक्का उचलून बरोबर झ्यूसच्या नावावर मारला. आवक क्रमांक घातला, तारीख घातली, कोंबडीच्या पायासारखी सही केली.

"हा परत कधी मिळेल?" मी विचारलं.

"नस्तीला जोडलेला कागद परत मिळतो का कधी?" त्या म्हणाल्या. "आणि हे मला तुम्ही विचारताय?"

खरं होतं. हाच नियम मी स्वतः बावीस वर्षं लोकांना तोंडावर ऐकवत आलोय. खरी प्रत, म्हणजे मुळाबरहुकूम नक्कल, काढून घेण्याची मुभा असते, तेवढी मी घेतली. पेंटर चार दिवस आमच्या अभिलेख कक्षात बसून दुसरा तक्ता रंगवत होता. चौथ्या दिवशी मी बघायला गेलो आणि भिंतीला हात टेकून उभा राहिलो. त्याने सगळं हुबेहूब उतरवलं होतं. झ्यूसवरचा शिक्कासुद्धा. जांभळ्या रंगात, आवक क्रमांकासहित, सहीसकट.

"तुम्हीच म्हणालात ना, खरी प्रत," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कामाचं समाधान होतं. मला ते मोडवेना.

व्याख्यानाच्या दोन दिवस आधी परवानगी आली. ती मला तोंडपाठ आहे : 'सदर व्याख्यानात कोणत्याही आजी, माजी अथवा भावी शासनव्यवस्थेशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष तुलना करण्यात येणार नाही, या अटीच्या अधीन राहून, "ग्रीक देव व लोकशाही शासन : एक तुलना" या विषयावर बोलण्यास परवानगी देण्यात येत आहे. अटीचा भंग झाल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल. आवक-जावक लिपिक यांनी समक्ष उपस्थित राहून अहवाल सादर करावा.'

मी ते घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"बावीस वर्षं झाली तुम्हाला त्या ऑफिसात," ती म्हणाली. "एवढा भरवसा नाही होय त्यांना?"

मला ते लागलं. म्हणजे परवानगी वाचताना लागलं नव्हतं, तिने म्हटल्यावर लागलं. माझी सेवा निष्कलंक आहे. आणि आता ऐन शेवटच्या वर्षांत, ग्रीक देवांपायी माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने काही लिहिलं जावं, ही कल्पना मला सहन होईना. मी व्याख्यानाची वही काढली आणि एकेक वाक्य खोडायला बसलो. 'आपल्याकडेही', 'आजकालच्या', 'त्याचप्रमाणे', सगळं गेलं. चाळीस पानांची अठरा पानं झाली. राहिले नुसते देव.

ठरल्या दिवशी ग्रंथालयात पाऊल ठेवतो तो काय, सभागृह खचाखच भरलेलं! लोक खिडकीत बसलेले. माझा ऊर भरून आला. ग्रीक देवांविषयी इतकी आस्था आपल्या लोकांत आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मग मी दारावरचा फलक वाचला. चिटणिसांनी घाईघाईत खडूने लिहिलं होतं : 'आज पाणीपुरवठा कार्यालयाचे अधिकारी लोकशाहीवर बोलणार. प्रश्नोत्तरे होतील.' देवांना जागा पुरली नव्हती.

पहिल्या ओळीत एक आजोबा रिकामी बादली मांडीवर घेऊन बसले होते.

आवक-जावकच्या बाई डाव्या कोपऱ्यात, गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल. बायको तिसऱ्या ओळीत. मिलॉर्ड तिच्या शेजारी. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "क्रोनस नावाचा एक बाप होता. आपली खुर्ची जाईल या भीतीने तो आपली मुलं गिळत असे."

मागून कुणीतरी हसलं. मग सगळेच.

मला काही कळेना. मी हसण्यासारखं काहीच म्हटलं नव्हतं. मी पुढे गेलो. सांगितलं, की झ्यूस आणि त्याच्या दोन भावांनी चिठ्ठ्या टाकून खातेवाटप केलं. झ्यूसला आकाश मिळालं, एकाला समुद्र, एकाला पाताळ. "आणि पृथ्वी तेवढी सगळ्यांची सामाईक ठेवली."

"म्हणून तिची ही अवस्था!" बादलीवाले आजोबा ओरडले.

बाईंची पेन्सिल हलली. "तो श्रोत्यांचा अभिप्राय आहे," मी कोपऱ्याकडे बघून म्हणालो. बाईंनी मान डोलावली. पुन्हा लिहिलं.

मग हे असंच चालू राहिलं. मी हेराने रचलेला कट सांगितला, तिने इतर देवांना फितवून झ्यूसला बांधलं आणि ऐन वेळी शंभर हातांचा एक राक्षस येऊन त्याला सोडवून गेला. कुणीतरी त्या राक्षसाच्या पक्षाचं नाव विचारलं. मी प्रॉमिथियसचं सांगितलं, की माणसांना विस्तव नेऊन दिला म्हणून त्याला खडकाला बांधलं, आणि एक गरुड रोज येऊन त्याचं यकृत खात असे. इथे मात्र माझा आवाज चढला. "कारणे दाखवा नोटीस नाही! चौकशी नाही! बाजू मांडायची संधी नाही!" बावीस वर्षांचा आस्थापना शाखेचा माणूस माझ्यातून बोलत होता. टाळ्या पडल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या घेत होतो आणि त्याही नियमाला. तुम्हाला म्हणून सांगतो, ती गोष्ट मी विसरणार नाही. खोडलेलं प्रत्येक वाक्य ते लोक आपापल्या मनाने भरत होते, आणि माझ्यापेक्षा चांगलं भरत होते.

मग प्रश्नोत्तरं. मिलॉर्ड उभे राहिले. ते माझ्या बाजूचे होते, म्हणून तर घोटाळा झाला.

"हा जो कथित झ्यूस," ते म्हणाले, "त्याची मुदत कधी संपते? त्याला खाली कोण उतरवणार? आणि हाच प्रश्न आपल्याकडे विचारला, तर वक्त्याचं उत्तर काय?"

बाईंची पेन्सिल कागदावर टेकून थांबली.

माझ्याकडे उत्तर होतं. वहीत तीन पानं होती, खोडलेली. मी पेला उचलला, पाणी प्यायलो. पेला ठेवला. परत उचलला, त्यात काही नव्हतं. दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी, ज्याने आत्ताच प्रॉमिथियससाठी आवाज चढवला होता, तो सेवापुस्तकाचा विचार करत होतो. इतकं लहान मला कधीच वाटलं नव्हतं.

"मी सांगू का?"

तिसऱ्या ओळीतून बायको उठली होती. पर्स तशीच खांद्याला.

"मी सरकारी नोकर नाही," ती आधी कोपऱ्यातल्या बाईंना म्हणाली. "चष्म्याचं दुकान आहे माझं. परवानगी यांना लागते, मला नाही."

बाईंनी जरा विचार केला आणि त्या म्हणाल्या, "बोला."

"दोन महिने झाले, हे देव आमच्या घरी राहतायत. जेवताना, झाडताना, सगळीकडे तेच. त्यामुळे मला ते पाठ झालेत. यांचं म्हणणं, वर बसलेले सगळीकडे सारखेच. रुसवेफुगवे, भाऊबंदकी, आपल्या मुलाला चांगलं खातं. असेल. मी काही वर जाऊन बघितलेलं नाही. मी दुकानाच्या पायरीवरून जेवढं दिसतं तेवढं सांगते." ती थांबली. ती काचा बदलताना थांबते तशी. "माझ्या दुकानासमोर पाइप घालायला चर खणलाय. पाच महिने उघडा आहे. माझ्याकडे येतात ती माणसं कशी येतात? ज्यांना धड दिसत नाही म्हणून येतात. आणि त्यांना आधी तो चर ओलांडावा लागतो."

लोक हसले नाहीत.

"त्या ग्रीक माणसांच्या दारात चर असता तर त्यांनी काय केलं असतं? यज्ञाचा धूर केला असता, वर बघितलं असतं, वाट बघितली असती. देव प्रसन्न झाला तर झाला. मी काय केलं? मागच्या निवडणुकीत एकजण मत मागायला माझ्या पायरीवर आला, तेव्हा मी त्याला गल्लीतले खड्डे दाखवले. तो एवढा मोठा माणूस, त्याने मान खाली घातली. निवडून आल्यावर ती पुन्हा वर गेली, ते वेगळं. पण खाली गेली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. यांच्या एवढ्या मोठ्या तक्त्यात झ्यूसने कुठल्या दुकानदारणीपुढे मान खाली घातल्याचं एक तरी उदाहरण आहे का, विचारा त्यांना."

मी मान हलवली. नव्हतं.

"मग झालं तर. तो मत मागायला परत येईल, तेव्हा मी त्याला चर दाखवणार आहे," ती म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन खाली बसली.

टाळ्यांचं मी काही सांगत नाही. खिडकीतले लोक आत पडायचे बाकी होते. बादलीवाले आजोबा बादलीवर ताल धरून होते. मी तक्त्याशेजारी उभा होतो, माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं, आणि मला त्याचं यत्किंचितही वाईट वाटत नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी तिला घरी सलग दहा वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. बहुधा दहा वाक्यांची जागा मी कधी सोडली नसावी.

दुसऱ्या दिवशी अकराला मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर बाईंचा अहवाल होता. मी उभ्या उभ्या उलटा वाचला. 'वक्त्याने कोणतीही तुलना केली नाही. तुलना एका महिलेने केली. ती योग्य होती.' खाली शिक्का.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. चर आमच्याच कार्यालयाने खणलेला होता, हे मी सांगायला नको.

"ही बाई कोण? भर सभेत आपल्या कार्यालयाची अब्रू काढते! आपल्या आस्थापनेवर आहे का?"

"नाही, साहेब."

"मग कुठल्या खात्यात आहे? हिच्यावर कारवाई करायची तर लिहायचं कुणाला? हिच्या वर कोण आहे?"

या प्रश्नाचं उत्तर देणं हेच माझं काम. कुणाच्या वर कोण, हे माझ्याइतकं अचूक या कार्यालयात कुणाला सांगता येत नाही. मी ताठ उभा राहिलो. साहेबांसमोर मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो.

"तिच्या वर कुणी नाही, साहेब. ती मतदार आहे. आणि माझी बायको आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. अहवालाकडे बघितलं. पेन उचललं, ठेवलं. मग त्यांनी पेन परत उचललं आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

"किती लांब आहे तो चर?"

"अठरा फूट, साहेब," मी म्हणालो.